संध्याकाळी सूर उतरतो: लॅपटॉपवरून मॉड्युलर सिंथ चालवताना परत परत येणारा बिघाड

मॉड्युलर सिंथ म्हणजे सुटी मॉड्यूलं वायरींनी जोडून बनवलेलं इलेक्ट्रॉनिक वाद्य. लॅपटॉपवरून पांढरी एक (पेटीची पहिली पांढरी पट्टी) पाठवली की सिंथमधून पांढरी एकच यायला हवी. माझ्याकडे सकाळी यायची. संध्याकाळी तोच प्रोग्राम, तीच वायर, नॉबलाही कुणी हात लावलेला नाही, आणि सूर खाली बसलेला. खालच्या सप्तकात फारसं कळायचं नाही. वर चढलं की कानात कुसळ गेल्यासारखं व्हायचं. ट्रिमर, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा बारीक रेझिस्टर, फिरवून जुळवायचं, सकाळी उठून बघावं तर पुन्हा बिघडलेलं, आणि आता चढलेलं.

हा बिघाड वर्षभरात माझ्याकडे चार वेळा आला. लक्षण दर वेळी एकच: बेसूर झालंय. कारणं चार निघाली. आणि चारही वेळा मी पहिली चूक तीच केली, स्क्रू ड्रायव्हर घेऊन ट्रिमर पिळला. ट्रिमर पिळला की त्या घटकेपुरता सूर जुळतो आणि खरं कारण त्याखाली झाकलं जातं. मग पुढच्या वेळी दोन चुका एकमेकींत गुंतलेल्या सापडतात आणि रात्र जाते. तुमच्या हातात आत्ता स्क्रू ड्रायव्हर असेल तर आधी तो खाली ठेवा.

माझी मांडणी सांगतो, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. मी सोलापुरात साखर पेठेजवळ राहतो. दिवसा पॉवरलूमचे स्टार्टर आणि कंट्रोल कार्डं दुरुस्त करतो, रात्री हा उद्योग. लॅपटॉपवर प्युअर डेटा हे संगीताचे प्रोग्राम जुळवायचं सॉफ्टवेअर आहे. त्यातून निघालेले मिडी संदेश (कोणता सूर, किती जोरात, हे वाद्याला सांगणारे) यूएसबीने आर्डुइनो प्रो मायक्रो या छोट्या बोर्डाला जातात. हा बोर्ड घेतला कारण त्यातल्या एटमेगा३२यू४ चिपला यूएसबी अंगचीच आहे. लॅपटॉपला ती सरळ मिडी वाद्य म्हणून दिसते, मध्ये वेगळी सर्किटं लागत नाहीत. पुढे एमसीपी४७२५ हा १२ बिटचा डॅक, म्हणजे आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप. त्यापुढे टीएल०७२ ऑप-अँप, म्हणजे ते व्होल्टेज पुढे ढकलणारी ॲम्प्लिफायरची चिप, मग साडेतीन मिलिमीटरचा जॅक, आणि तिथून युरोरॅकमधल्या (सिंथची मॉड्यूलं बसवायच्या चौकटीतल्या) व्हीसीओला वायर. व्हीसीओ म्हणजे येणाऱ्या व्होल्टेजप्रमाणे सूर बदलणारा ऑसिलेटर. गेटची, म्हणजे सूर चालू की बंद एवढंच सांगणारी, वायर वेगळी, ती थेट आर्डुइनोच्या पिनवरून एका रेझिस्टरमधून जाते. गेटचं काम सोपं असतं. जकार्ड मागाच्या कार्डावर भोक असलं की दोरा वर, नसलं की खाली, एवढंच. भांडण सगळं सुराच्या वायरीत आहे.

हिशेब एकदा डोक्यात बसवा. एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक. सप्तकात १२ अर्धस्वर, म्हणून एक अर्धस्वर ८३.३ मिलिव्होल्टचा. अर्धस्वराचे १०० सेंट, म्हणजे एक सेंट ०.८३ मिलिव्होल्ट. उलटं म्हटलं तर एक मिलिव्होल्ट चुकला की सूर सव्वा सेंट हलला. माझ्या जुळणीत मिडीचा ३६ नंबर म्हणजे शून्य व्होल्ट, ४८ म्हणजे एक, ६० म्हणजे दोन, असं ८४ पर्यंत चार सप्तकं.

आधी चुकीची जात ओळखा

लॅपटॉपवरून फक्त ३६, ४८, ६०, ७२, ८४ हे पाच सूर पाठवा, प्रत्येक दहा सेकंद. मोबाइलवर ट्यूनरचं ॲप लावून प्रत्येकाची चूक सेंटमध्ये कागदावर लिहा. व्हीसीओ आधी इतका वर घ्या की सगळ्यात खालचा सूर ११० हर्ट्झच्या आसपास येईल. त्याहून खालचा आवाज मोबाइलच्या माइकला धड ऐकू येत नाही आणि ॲप भलतेच आकडे दाखवतं.

हा कागद डॉक्टरच्या रिपोर्टसारखा वाचायचा. पाचही सूर सारखेच, समजा १५ सेंटनी, उतरले असतील तर काळजी नाही. कुठेतरी दहा-बारा मिलिव्होल्ट कायमचे मिसळलेत, बहुधा ऑप-अँपचा ऑफसेट. टीएल०७२ मध्ये तो सहसा ३ मिलिव्होल्ट असतो, वाईट नग निघाला तर १० पर्यंत जातो. व्हीसीओचा ट्यून नॉब जरासा फिरवला की विषय संपला. चूक सप्तकागणिक वाढत गेली, म्हणजे शून्य, १२, २४, ३६ अशी, तर माप बिघडलंय. कुठेतरी एक व्होल्ट हा एक व्होल्ट राहिलेला नाही. चूक तासागणिक सरकत असेल तर ऊन, थंडी किंवा सप्लाय. आणि चूक आवाजाच्या तालावर, लुकलुकणाऱ्या एलईडीच्या तालावर हलत असेल तर ग्राउंड.

अजून एक जात आहे, ती कागद न लिहिताही कळते: एका ठरावीक सुरानंतर वरचे सगळे सूर एकच वाजतात. तिथे ऑप-अँप डोकं आपटतोय. एलएम३५८ हा ऑप-अँप नुसत्या ५ व्होल्टवर चालवला तर तो साडेतीनच्या आसपासच थांबतो. त्याला रॅकमधले अधिक-उणे १२ व्होल्ट द्या. देताना पट्टीच्या वायरीवरची लाल रेघ उणे १२ च्या बाजूला आहे ना, ते दोनदा बघा. मी एकदाच बघितलं होतं.

सेलची परीक्षा

दुसरी परीक्षा मला सर्वांत आवडते कारण ती फुकट आहे. भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढा. एका जुन्या साडेतीन मिलिमीटरच्या वायरीचं टोक कापून टोकाची तार सेलच्या अधिकला आणि बाहेरची जाळी उणेला लावा. ही वायर डॅकच्या जागी व्हीसीओला जोडा. व्हीसीओचा इनपुट बहुधा १०० किलोओहमचा असतो, सेलमधून जेमतेम १५ मायक्रोॲम्पिअर जातात, तेव्हा सेल तासभर जागचा हलत नाही. आता सूर स्थिर राहिला तर व्हीसीओ निर्दोष, गुन्हेगार लॅपटॉपच्या बाजूला. सेलवरही सूर सरकला तर लॅपटॉप, आर्डुइनो, डॅक यांना शिव्या देणं बंद करा.

ही परीक्षा मला तिसऱ्या वेळी सुचली. पहिल्या वेळी सुचली असती तर स्टॅबिलायझरचे पैसे वाचले असते.

पहिली वेळ: मोबाइल

सूर संध्याकाळीच उतरायचा म्हणून माझा संशय सरळ विजेवर गेला. आमच्या गल्लीत लूमच्या मोटरी चालू-बंद होतात तसे दिवे कमी-जास्त होतात, धंदाही माझा तोच, त्यामुळे निदान झटपट झालं: व्होल्टेज पडतंय. स्टॅबिलायझर आणला. सूर उतरायचा तो उतरलाच. मग लक्षात आलं की लॅपटॉप तर बॅटरीवर चालतोय, त्याला गल्लीच्या व्होल्टेजशी काय देणंघेणं?

संध्याकाळी दुसरं काय बदलायचं? कामावरून आलो की मी मोबाइल चार्जिंगला लावायचो. त्याच यूएसबी हबला, ज्याला आर्डुइनो होता.

आता एमसीपी४७२५ ची गंमत ऐका. या चिपमध्ये स्वतःचा रेफरन्स, म्हणजे मापाला धरायचं पक्कं व्होल्टेज, नाही. तिच्या सप्लायचे जे व्होल्ट असतील त्यांचेच ती ४०९६ भाग करते. तुम्ही तिला 'निम्मं दे' म्हणता, ती सप्लायच्या निम्मं देते. सप्लाय यूएसबीचा, आणि यूएसबीचे ५ व्होल्ट म्हणजे बाजारातला 'पावशेर'. मीटर लावून पाहिलं: मोबाइल नसताना ५.०६, मोबाइल लावल्यावर ४.८७. पावणेचार टक्क्यांची घट. एका व्होल्टवर ही चूक ३७ मिलिव्होल्टची, म्हणजे ४५ सेंट. तीन व्होल्टवर १३५ सेंट, सव्वा अर्धस्वराच्याही वर. म्हणूनच खाली कळायचं नाही आणि वर कान फाटायचा. प्रोग्राममधला आकडा सुरुवातीपासून बरोबरच होता. तागडी बरोबर होती, वजनच झिजलेलं होतं.

तुमच्याकडे तपासायचं असेल तर एक सूर धरून ठेवा आणि त्याच हबला मोबाइल लावा, काढा. सूर हलला तर तुमचा निकाल लागला. लॅपटॉपच्या स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करूनही कधीकधी हेच दिसतं.

उपाय दोन. घाईचा उपाय म्हणजे डॅकला यूएसबीच्या ५ व्होल्टवरून सोडवून रॅकच्या १२ व्होल्टमधून वेगळा सप्लाय देणं. ७८०५ ने काम भागतं. तो नेमका ५.०० देत नाही, पण जे देतो त्यावर बऱ्यापैकी टिकून असतो. आरईएफ०२ ही रेफरन्सची चिप मिळाली तर त्याहून उत्तम. एमसीपी४७२५ ला एक मिलिॲम्पिअरही लागत नाही, त्यामुळे रेफरन्स चिपवर तो आरामात चालतो. यात एक खोच आहे: रॅक बंद आणि यूएसबी चालू असेल तर आर्डुइनो सिग्नलच्या तारांमधूनच डॅकला चोरून वीज देतो. म्हणून आधी रॅक चालू करायचा, मग यूएसबी लावायचं, काढताना उलटं.

कायमचा उपाय म्हणजे एमसीपी४८२२ हा दुसरा डॅक. यात २.०४८ व्होल्टचा रेफरन्स आतच आहे, दुप्पट गेनवर ठेवला की पूर्ण आवाका ४.०९६ व्होल्ट. आणि भाग पुन्हा ४०९६. म्हणजे एक पायरी बरोबर एक मिलिव्होल्ट! हा हिशेब पाहिल्यावर मी त्याच दिवशी ठरवलं. अर्धस्वरांचे आकडे ८३, १६७, २५० असे सरळ मिलिव्होल्टमध्येच लिहायचे. जास्तीत जास्त चूक अर्ध्या मिलिव्होल्टची, ती कुणाच्या बापाला ऐकू येत नाही. चिपशी बोलायला आयटूसी या पद्धतीऐवजी एसपीआय लागतं, एक-दोन तारा जास्त, बाकी त्रास नाही. माझ्या नेहमीच्या दुकानदाराला नाव सांगितल्यावर त्याने मला टीव्हीच्या रिमोटची चिप दाखवली. शेवटी एकदा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाणं होतंच, तेव्हा बुधवार पेठेतून चार नग आणले.

एक सूचना: ही चिप अगदी शून्यापर्यंत खाली जात नाही, तळाशी काही मिलिव्होल्ट उरतात. सगळ्यात खालचा सा थोडा चढा वाटला तर चिप खराब नाही. खालचे दोन-तीन सूर वापरूच नका, व्हीसीओ त्या मानाने खाली उतरवून घ्या.

दुसरी वेळ: एकाचे दोन

डॅक बदलल्यावर दोन-अडीच महिने सुखाचे गेले. मग मी दुसरा व्हीसीओ घेतला आणि वाय आकाराच्या साध्या वायरीने दोघांना एकच सूर द्यायला लागलो. झालं, पुन्हा बेसूर. या वेळी कागद काढला: दर सप्तकामागे १२ सेंट उतार, तीन सप्तकांवर ३५. अगदी शिस्तीत वाढणारी चूक, म्हणजे माप. पण सप्लाय तर आता पक्का!

मीटर तीन ठिकाणी लावा: डॅकच्या पायावर, ऑप-अँपच्या आउटपुटवर, आणि वायर खोचलेली असताना जॅकवर. पहिल्या दोन ठिकाणी सगळं बरोबर आणि तिसऱ्या ठिकाणी कमी, असं असेल तर वाटेतला रेझिस्टर दोषी आहे. जॅकच्या आधी शॉर्टपासून वाचवायला सगळेच १ किलोओहम टाकतात, मीही टाकला होता. समोर १०० किलोओहमचा एक इनपुट असताना शंभरातला एक भाग या रेझिस्टरवर राहतो. मी कॅलिब्रेशन, म्हणजे व्होल्टेज आणि सुराची जुळवणी, केलं ते या स्थितीत, त्यामुळे तो एक टक्का हिशेबात जिरून गेला होता. दुसरा व्हीसीओ लावल्यावर समोरचा भार ५० किलोओहम झाला आणि आणखी एक टक्का पडला. सप्तकात १२०० सेंट, एक टक्का म्हणजे १२. कागदावरचा आकडा आणि हा आकडा जुळला तेव्हा रात्री दीड वाजता मी एकटाच हसलो.

यावर बरेच जण ट्रिमर पिळतात. मग दुसरी वायर काढली की सूर चढतो, आणि 'आज पुन्हा बिघडलं' म्हणत पुन्हा पिळतात. त्यापेक्षा फीडबॅकची तार, म्हणजे ऑप-अँप आपलंच आउटपुट ताडून बघतो ती, ऑप-अँपच्या आउटपुटवरून न घेता त्या १ किलोओहमच्या पलीकडून, जॅकच्या बाजूने घ्या. मग रेझिस्टरवर जे पडेल ते ऑप-अँप स्वतः भरून काढतो, समोर एक व्हीसीओ असो की चार. फक्त ऑप-अँपच्या आउटपुटपासून त्याच्या उणे इनपुटला ४७ पिकोफॅरडच्या आसपासचा एक छोटा कपॅसिटर लावा, नाहीतर लांब वायर जोडली की ऑप-अँप स्वतःच शिट्टी मारतो. सोल्डरिंग दहा मिनिटांचं आहे. ते नको असेल तर बफर्ड मल्टिपल नावाचं मॉड्यूल मिळतं, तेही हेच काम करतं.

तिसरी वेळ: कूलर

एप्रिल. सोलापूरचा उन्हाळा काय असतो ते सोलापूरकराला सांगायला नको. पारा ४० च्या वर, दुपारी खोलीत ३९, पहाटे ३१. सूर दिवसभर सरकायचा. शिवाय एक नवंच लक्षण: काही सेकंदांच्या संथ झोक्याने सूर जरासा वर, जरासा खाली, जणू कुणी मींड घेतोय. मी प्युअर डेटामध्ये तासभर शोधलं, कुठे चुकून एलएफओ, म्हणजे सूर संथ झुलवणारा ऑसिलेटर, जोडला गेलाय का. मग सेल लावून बघितला. सेलवरही तीच मींड.

पाठीमागे कूलर होता. त्याची पाती डावीकडून उजवीकडे झुलत होती आणि गार वारा रॅकवरून येत-जात होता. पाती थांबवली, मींड थांबली.

यामागचं शास्त्र असं. व्हीसीओत व्होल्टेजवरून सूर बनवताना ट्रान्झिस्टरच्या घातांकी वागणुकीचा उपयोग केलेला असतो, आणि ती वागणूक तापमानाशी बांधलेली आहे. खोलीच्या तापमानाला दर अंशामागे साधारण ०.३३ टक्के माप बदलतं. भरपाई केलेली नसेल तर ८ अंशांच्या फरकाने सप्तकामागे ३० सेंटच्या वर चूक येते. चांगल्या व्हीसीओत ही भरपाई असते. सीईएम३३४० ही व्हीसीओची चिप आणि लॅटव्हियात बनणारी तिची बहीण एएस३३४० यांच्यात ती आतच आहे. माझा पहिला व्हीसीओ मात्र मी स्वतः सुट्या ट्रान्झिस्टरांवर जोडलेला, आणि त्यात ३३०० पीपीएमचा टेम्पको रेझिस्टर (तापमानाबरोबर बदलून भरपाई करणारा, अंशामागे ०.३३ टक्के) लावायचा होता तिथे 'आत्तापुरता' म्हणून साधा रेझिस्टर लावला होता. 'आत्तापुरता' लावलेली वस्तू आपल्याकडे किती वर्षं टिकते ते तुम्हाला ठाऊक आहेच.

टेम्पको मागवला, दोन्ही ट्रान्झिस्टर एकमेकांना चिकटवले, टेम्पको त्यांच्या पाठीवर थर्मल पेस्ट लावून बसवला आणि वरून कापडी टेपचा छोटा पदर घातला. कूलर खोलीत राहिला, पण रॅकवर त्याचा झोत जाणार नाही असा. आणि रॅक चालू केल्यावर अर्धा तास काही जुळवायचं नाही, हा नियम. तबलजीसुद्धा मैफलीच्या आधी येऊन बसतोच की.

रेझिस्टरांकडेही एक नजर टाका. कॅलिब्रेशनच्या जागी पाच टक्क्यांचे कार्बन रेझिस्टर असतील तर ते उन्हात सरकतात; एक टक्क्याचे मेटल फिल्म लावा. ट्रिमर उघड्या प्रकारचा, एकाच फेरीचा असेल तर काढून टाका आणि पंचवीस फेऱ्यांचा उभा निळा ट्रिमर लावा. एका फेरीच्या ट्रिमरवर १२ सेंट जुळवणं म्हणजे नुसता जुगार.

चौथी वेळ: ग्राउंड

हिचं लक्षण वेगळं, पण सुरुवातीला तेही 'बेसूर' या एकाच शब्दात मावलं. सिक्वेन्सर (सूर ओळीने वाजवणाऱ्या) मॉड्यूलचे एलईडी पेटले की सूर पाच-सहा सेंट हलायचा. शिवाय लॅपटॉपचा चार्जर लावला की मागे बारीक 'टीं' असा एकसुरी आवाज.

एलईडीचं कारण असं: सगळी मॉड्यूल एकाच ग्राउंडच्या तारेतून परतीची वीज सोडतात. १०० मिलिॲम्पिअर आणि तारेचा विरोध ०.०५ ओहम, इतक्यातच ५ मिलिव्होल्ट झाले, म्हणजे ६ सेंट. डॅकच्या बोर्डाचं ग्राउंड बारीक जंपर वायरने लांबून आणलं असेल, जसं मी आणलं होतं, तर हे होणारच. जाड तार, शक्य तेवढी आखूड, थेट पॉवर बसबारवर. ब्रेडबोर्डवर, म्हणजे नुसतं खोचून जोडलेलं, राहिलेलं सर्किट असेल तर त्यावर कॅलिब्रेशन करण्यात अर्थ नाही. आधी वेरोबोर्डवर (भोकांच्या पट्टीदार बोर्डावर) सोल्डर करा. हा सल्ला सगळे देतात, कुणी ऐकत नाही. मीही वर्ष काढलं.

'टीं' चं कारण यूएसबी. फुल स्पीड यूएसबीत दर मिलिसेकंदाला एक ठोका असतो, म्हणजे १ किलोहर्ट्झ, बरोबर कानाला झोंबेल असा. लॅपटॉपचं ग्राउंड आणि रॅकचं ग्राउंड वेगवेगळ्या प्लगांमधून फिरून भेटतात आणि तो ठोका आवाजाच्या वाटेवर येतो. चार्जर काढल्यावर आवाज गेला तर खात्री पटली समजा. एडीयूएम३१६० वर बांधलेला यूएसबी आयसोलेटर मध्ये लावला की दोन्ही ग्राउंड सुटे होतात. मिडीला त्याचा वेग भरपूर पुरतो. मूळ १९८३ च्या मिडीत पाच पिनांच्या वायरीला ऑप्टोकपलर (तार न जोडता उजेडाने संदेश पलीकडे नेणारी चिप) सक्तीचा होता तो याच दुखण्यावर. यूएसबीच्या सोयीत आपण तो घालवून बसलो.

पण सावधान. स्वस्त आयसोलेटरच्या पलीकडच्या बाजूला जे ५ व्होल्ट मिळतात ते एका छोट्या कन्व्हर्टरमधून येतात, आणि त्यांचं नियंत्रण यथातथाच असतं. तुमचा डॅक अजूनही एमसीपी४७२५ असेल आणि त्याच ५ व्होल्टवर असेल, तर गुणगुण गेली पण मोबाइलवाला बिघाड दामदुपटीने परत आला असं होईल. एका मित्राच्या घरी हेच झालं. त्याचा रात्री अकराला फोन: "काय बे, तू सांगितलेलं लावलं, आता तर भजनाची गवळण झाली!"

प्रोग्राममधल्या दोन जागा

वायरीत काहीच सापडलं नाही तर इथे बघा. एमसीपी४७२५ ला आकडा पाठवताना बऱ्याच लायब्ररींत 'कायम साठवू का' असा एक पर्याय असतो. तो चुकून हो ठेवला तर चिप प्रत्येक सूर तिच्या ईईप्रॉममध्ये लिहीत बसते, एका लिहिण्याला २५ ते ५० मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात आलेला पुढचा सूर ती सोडून देते. संथ आलापात पत्ता लागत नाही, द्रुत तानेत सूर गळतात. तो पर्याय बंद करा.

दुसरं म्हणजे अडकलेला सूर. काही प्रोग्राम सूर बंद करायचा संदेश न पाठवता 'सूर चालू, जोर शून्य' असा संदेश पाठवतात. मिडीत दोन्हींचा अर्थ एकच. तुमच्या आर्डुइनोला तो अर्थ शिकवला नसेल तर गेट उघडंच राहतं. आणि गेट सुराच्या आधी जात असेल तर प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला मागच्या स्वराची किंचित शेपटी ऐकू येते. आधी डॅकला आकडा, मग एक-दोन मिलिसेकंद थांबून गेट, असा क्रम ठेवा.

आता ट्रिमर

एवढं सगळं झाल्यावर स्क्रू ड्रायव्हर उचला. साध्या मल्टिमीटरवर भिस्त ठेवू नका: २० व्होल्टच्या रेंजवर त्याचा शेवटचा आकडा १० मिलिव्होल्टचा, म्हणजे १२ सेंटचा. त्याच्या मापाने सूर जुळवणं म्हणजे गव्हाच्या काट्यावर सोनं तोलणं. मीटर बिघाड शोधायला, जुळवायला कान आणि ट्यूनर. ४८ आणि ७२ हे दोन सूर आलटून पालटून पाठवा आणि ट्रिमर इतका फिरवा की अंतर बरोबर दोन सप्तकं येईल. मग ट्यून नॉबने दोन्ही एकदम जागेवर आणा. पुन्हा अंतर बघा. तीन-चार फेऱ्यांत बसतं. उरलेसुरले दोन-तीन सेंट प्रोग्राममध्ये प्रत्येक सुराच्या मिलिव्होल्टचा तक्ता करून काढता येतात. मी ४९ ओळींचा तक्ता ठेवलाय.

हा तक्ता वेगळ्याच कारणासाठी कामाला आला. शेजारचे आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे, आता बोटं साथ देत नाहीत, पण कान शाबूत आहेत. जुळवणी संपवून मी तंबोऱ्याचं ॲप लावलं, पांढरी एकचा सा धरला आणि त्यावर सिंथचा गंधार लावला. ट्यूनर शून्य सेंट दाखवत होता. आजोबा दारातूनच म्हणाले, "का रे बाबा, तुझा गंधार चढायलाय बघ."

मी परत सप्लाय मोजला, सेल लावला, ग्राउंड बघितलं. सगळं ठीक. आणि आजोबाही बरोबर. बारा समान भागांचा गंधार ४०० सेंटवर येतो, तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ वर. चौदा सेंटचा फरक पेटीतही असतोच, पण पेटीत तो खपून जातो. नुसत्या ऑसिलेटरचा ताठ सूर तंबोऱ्यावर लावला की उघडा पडतो. पंचमात फरक दोनच सेंटचा, म्हणून तो कुणाला खटकत नाही. इथे बिघाड काहीच नव्हता, तेव्हा ट्रिमरला हात लावला नाही. तक्त्यातल्या गंधाराच्या चारही ओळींतून ११ मिलिव्होल्ट कमी केले आणि तो तक्ता वेगळ्या नावाने ठेवला. सा बदलला तर गंधाराच्या ओळीही बदलतील, तेव्हा पांढरी एकसाठी एक आणि काळी चारसाठी एक असे दोन तक्ते आहेत. काळी चारचा अजून आजोबांना ऐकवायचा आहे.